तिसऱ्या आग्रहाचा भात

मित्रांनो, मी भाताचा एक जुना टोप आहे. डोक्यावर घालतात तो नव्हे, चुलीवर ठेवतात तो. डोक्यावरच्या टोपाखाली काही नसले तरी तो मानाने मिरवतो. माझ्यात काही नसले की मला कोणी विचारत नाही. सध्या मी अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, बिटर विलो नावाच्या गावी, आर्डिसबाईंच्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी बसून असतो. माझा एक कान तुटला आहे, बूड काळे पडले आहे आणि डोक्यावरचे झाकण दुसऱ्याच कुणाचे आहे. वय झाले की असे व्हायचेच. पण भात अजूनही माझ्यात चांगला होतो. निदान माझे तरी तसे मत आहे.

माझा जन्म फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, बाजारामागच्या एका बोळात झाला. तिथे एक ओतारी भंगार वितळवून रेतीच्या साच्यात भांडी ओतत असे. घराणे सांगायचे तर माझ्या अंगात दोन जीपगाड्यांच्या इंजिनांचे तुकडे, एका बुडालेल्या बोटीच्या खिडक्यांच्या चौकटी आणि कुठल्याशा गावच्या सौंदर्यस्पर्धेतला दुसऱ्या क्रमांकाचा करंडक आहे. जीपगाड्यांमुळे मी दणकट झालो, बोटीमुळे पाण्याची भीती गेली, आणि करंडकामुळे आपला पहिला क्रमांक थोडक्यात हुकला ही खंत मला जन्मभर पुरली.

मला विकत घेतले ते फेलिसाच्या आईने. तिला सगळा मोहल्ला नानाय म्हणत असे, म्हणजे आईच. तिने मला उचलले, बोटाने ठोकले आणि कान लावून ऐकले.

"आवाज बसका आहे," ती म्हणाली.

"भात भरल्यावर कोण गाणं ऐकतंय, बाई?" ओतारी म्हणाला.

नानायला हे पटले. मी तिच्या घरी आलो.

त्या घरात मला पाण्याची अक्कल आली. तांदूळ धुऊन घातले की त्यावर बोटाचे टोक टेकवायचे आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत चढू द्यायचे. मापटे हरवते, बोट हरवत नाही, असे नानाय म्हणे. आणि त्याच घरात मला माणसांचीही थोडी अक्कल आली. जेवणाच्या वेळी नानायचे दार उघडे असे. रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला ती आतून हाक मारी, "या, जेवायला या!" जाणारा म्हणे, "नको नको, आत्ताच जेवलोय." त्याने कालपासून काही खाल्लेले नसले तरी तो असेच म्हणे. नानाय पुन्हा म्हणे, "अहो, घासभर तरी." तो म्हणे, "खरंच नको." मग नानाय तिसऱ्यांदा बोलावी, आणि तो चपला काढून आत येऊन बसे. ज्याला दुसऱ्यांदा हाक येत नसे तो समजून पुढे जाई. कुणाचे काही बिघडत नसे. पहिल्याच हाकेला येऊन बसणारा माणूस आमच्या बोळात एकच होता, आणि त्याची सोयरीक कुठेही जमली नाही.

फेलिसा हे पाहत लहानाची मोठी झाली. ती मोजके बोले. 'हो' म्हणायचे असले की नुसत्या भुवया वर करी. आमच्याकडे सगळेच तसे करतात. एवढ्याशा कामासाठी तोंड कशाला उघडायचे? पुढे ती गणिताची बाई झाली, गावातल्या निम्म्या पोरांना तिने त्रिकोण शिकवला, आणि लोक तिला 'मॅम' म्हणू लागले. मीही तेव्हापासून मॅमच म्हणतो. लहानपणी तिने माझ्यावर चमचा बडवून ढोल वाजवला होता, पण ते मी विसरलो आहे.

मित्रांनो, अमेरिकेत सगळे काही मिळते अशी तुमची समजूत असेल. तिथल्या दूरच्या गावांत गणिताचे शिक्षक मिळत नाहीत. बिटर विलोच्या शाळेत आलेला शिक्षक नाताळपर्यंत राही आणि नाताळच्या सुटीत जो जाई तो जाईच. एक जण हातमोजे विसरून गेला होता. तो ते न्यायलासुद्धा आला नाही. मग शाळेने समुद्रापलीकडे विचारणा केली, आणि आमची मॅम निघाली. नानायने तिच्या बॅगेत कपड्यांच्या आधी मला ठेवले.

"आई, तिकडे टोप मिळतात," मॅम म्हणाली.

"मिळत असतील. त्यांना भात येतो का?" नानाय म्हणाली, आणि माझ्या पोटात सुक्या मासळीचे पुडके कोंबून झाकण बांधले. विमानतळावरच्या साहेबाने ते झाकण उघडले, वास घेतला आणि बॅग स्वतःच्या हाताने बंद करून दिली. पुढे कुणी उघडली नाही.

बिटर विलोला झाडे मोजकी आणि वारा अमाप. शाळा एकच, पहिलीपासून बारावीपर्यंतची. डेल हॉगन हे हेडमास्तर होते, बास्केटबॉल शिकवत आणि हिवाळ्यात शाळेपुढचा बर्फही स्वतःच काढत. ते काउबॉयची टोपी घालत आणि फक्त प्रार्थनेला व वाईट बातमी द्यायला काढत. मॅम त्यांना 'सर डेल' म्हणे. मॅमचे आडनाव गारिंगालाव. ते सर डेल यांनी पहिल्या दिवशी तीनदा म्हणून पाहिले, घाम पुसला आणि विचारले, "मिस जी चालेल?" मॅमने भुवया वर केल्या. सर डेल उत्तराची वाट पाहत तसेच उभे राहिले.

पहिल्याच दुपारी घोळ झाला. मॅम सकाळी भात करून मला जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वर्गात घेऊन आली होती. जेवणाच्या सुटीत तिने दार उघडे ठेवले, झाकण काढले आणि डब्यातला अडोबो, म्हणजे सिरका-लसणातली कोंबडी, बाहेर काढली. इतक्यात दारावरून आर्डिसबाई निघाल्या. या शाळेची बस चालवत आणि मधल्या वेळात व्हरांडा झाडत. साठीच्या, उंच, दारातून शिरताना सवयीने वाकणाऱ्या. मॅमने रीतीप्रमाणे हाक मारली, "या ना, जेवायला!"

"अरे वा," आर्डिसबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

मॅमच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी त्याआधी एकदाच पाहिले होते, वादळात नानायचे छप्पर उडाले तेव्हा. पण बोलावलेल्या माणसाला ऊठ कसे म्हणणार? तिने वाढले. आर्डिसबाई जेवल्या. भात संपल्यावर त्यांनी माझ्या बुडाला लागलेली खरवडसुद्धा चमच्याने काढली. "हे करपलेलं आहे ना, हे सगळ्यात भारी," त्या म्हणाल्या. नानायच्या घरी खरवडीसाठी भावंडांत मारामाऱ्या होत, त्यामुळे बाई जाणकार आहेत एवढे मला कळले. मॅम त्या दिवशी नुसते पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी दारावरून सर डेल गेले. मॅमने हाक मारली. मारायलाच हवी ना. तेही बसले. तिसऱ्या दिवशी संगीताच्या बाई. आठवडाभर मॅम अर्धपोटी राहिली, आणि मग तिने या माणसांना सुधारण्याचा नाद सोडून तांदूळ वाढवला. वर्ष संपायच्या आत मी काठोकाठ भरून येऊ लागलो. मला जन्मात एवढा मान मिळाला नव्हता. मॅमने वर्गातल्या छोट्या शेगडीवर सुके मासे गरम केले त्या दिवशी मात्र कुणी आले नाही. कुठेतरी गॅस गळतोय असे समजून सर डेल यांनी सगळी शाळा मैदानात नेऊन उभी केली होती.

उलटा घोळ नोव्हेंबरात झाला. आर्डिसबाईंनी मॅमला सणाच्या जेवणाला बोलावले. भात घेऊन मीही होतो. जेवणानंतर बाईंनी सफरचंदाचा केक पुढे केला. त्याच्या वासाने माझेसुद्धा झाकण हलले.

"घे गं."

"नको, नको. पोट भरलं," मॅम म्हणाली आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाहू लागली.

"बरं," असे म्हणून आर्डिसबाईंनी तो तुकडा नवऱ्याच्या ताटात टाकला.

मॅमने तो तुकडा शेवटच्या घासापर्यंत नजरेने पोचवला. घरी आल्यावर ती मला मांडीवर घेऊन बसली, बोटांनी खरवड काढून खाऊ लागली आणि फोनवर आईला म्हणाली, "आई, इथं एकदाच विचारतात गं."

"मग पहिल्यांदाच हो म्हण."

"लाज वाटते."

"मग राहा उपाशी," नानाय म्हणाली. तिच्याजवळ सल्ले मोजके असत, पण ताजे असत.

केकच्या बाबतीत मॅम पुढे सुधारली. मोठ्या गोष्टींच्या बाबतीत माणूस इतक्या लवकर सुधारत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मॅमच्या वर्गात नववीची सात पोरे होती. त्यांनी आजवर इतके शिक्षक येताना-जाताना पाहिले होते, की नव्या माणसाचे नाव पाठ करायचेच त्यांनी सोडले होते. सुरुवातीला मॅमचेही हाल झाले. कुणी "मिस जी, बाहेर जाऊ?" म्हणाले की ती भुवया वर करी, आणि पोरगे पाय आवळून तिथेच उभे राही. पण पोरांना ही भाषा समजली आणि आवडलीही. मग तीही तोंड न उघडता हो म्हणू लागली. एका गुराख्याने शाळेत फोन केला, "आमची जोली जेवताना भुवया उडवते. डॉक्टरला दाखवू का?" सर डेल यांनी मॅमला विचारले. मॅमने सांगितले, "तिला अजून बटाटे हवे असतील." चौकशीअंती तेच निघाले.

ही जोलीच एकदा म्हणाली होती, "तुम्ही पण नाताळला जाणार का?" पाहुण्याला बस कधी आहे विचारावे तितक्या सहज.

मॅमने टेबलाचा खण उघडून एक मोठा पांढरा रुमाल काढून दाखवला. "तुमची बारावी होईल त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसून रडणार आहे. रुमाल आत्ताच आणून ठेवलाय. आता तो वाया घालवू का?"

पोरे हसली. पण त्या दिवसापासून तो रुमाल खणात आहे की नाही हे कुणी ना कुणी हळूच बघून जाई. मी टेबलावरच असे, म्हणून मला दिसे.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी शाळेने मॅमला प्रेमाने विजेवरचा भाताचा कुकर भेट दिला. पांढराशुभ्र, दिव्यांचा. भात झाला की तो गाणे वाजवी. बुडाला काही लागू देत नसे, म्हणून सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. खरवड नाही म्हणून फक्त आर्डिसबाई हळहळल्या. आणि मला काय काम मिळाले म्हणता? मॅम वर्गात पोरांचे मोबाईल जप्त करी. ते ठेवायला मी. ज्या पोटात चाळीस वर्षे भात रटरटला, त्यात आता दिवसभर मोबाईल गुरगुरत. मी कपाटावर बसून नव्या कुकरचे गाणे ऐके. गाणे वाईट नव्हते, एकच होते.

पण कपाटावर होतो म्हणूनच फेब्रुवारीतला तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला.

मॅमला अमेरिकेत तीन वर्षांची परवानगी होती. मॅम तयार असेल आणि शाळेने मागितली, तर आणखी दोन मिळणार होती. पोरे आता अकरावीत होती. शाळा सुटल्यावर सर डेल वर्गात आले.

"मिस जी, तुमची तीन वर्षं संपत आली. शाळेनं अर्ज केला तर अजून दोन मिळतात. थांबाल का?"

मॅमचा चेहरा असा उजळला, की मला नानायची चूल आठवली. याच प्रश्नासाठी ती महिनाभर सकाळी नीट केस विंचरून येत होती. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "नको, सर डेल. माझ्यापेक्षा चांगलं कोणीतरी मिळेल तुम्हाला."

आणि ती थांबली. आमच्या बोळातल्या बहिऱ्या माणसालासुद्धा कळले असते की आता दुसऱ्यांदा विचारायचे आहे.

सर डेल यांनी टोपी काढली. हातात फिरवली. "समजू शकतो मी. आई आहे तुमची तिकडे," ते म्हणाले. "बळजबरी नाही." टोपी घालून ते गेले.

मॅम माझ्यातले मोबाईल काढता काढता म्हणाली, "उद्या विचारतील."

उद्या आला आणि गेला. मॅम हेडमास्तरांच्या दारावरून जाऊ लागली. खडू आणायला, खडू परत ठेवायला, घड्याळ बघायला. सर डेल मात्र ती दिसली की वाट बदलत. दोष त्यांचाही नव्हता. एकदा ते मॅमच्या वर्गाबाहेर आर्डिसबाईंशी बोलत होते ते मी ऐकले.

"तिला अजून एकदा विचारून बघ ना," आर्डिसबाई म्हणाल्या.

"नाही म्हणालेल्या माणसाला परत विचारायचं? म्हणजे तू खोटं बोलतेस असंच म्हणायचं की तिला. माझ्या बापानं असं कधी केलं नाही."

त्या मुलखात माणसाचा शब्द म्हणजे कुंपणाचा खांब. एकदा ठोकला की हलवायचा नाही. आमच्याकडे पहिला शब्द म्हणजे पायपुसणे. त्यावर पाय पुसून मग आत यायचे. दोघेही एकमेकांचा मान राखत होते, आणि त्या मानापायी सात पोरांची मास्तरीण चालली होती.

मार्चमध्ये नव्या शिक्षकासाठी जाहिरात लागली. एकाच माणसाचा फोन आला. त्याने सर डेल यांना सर्वांत जवळचे कॉफीचे दुकान किती लांब आहे ते विचारले, आणि उत्तर ऐकून फोन ठेवला. जोलीने जाहिरात वाचली आणि ती वर्गात येऊन मॅमच्या टेबलाशी उभी राहिली.

"आणि रुमाल?" ती म्हणाली.

मॅमने फळा पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

एप्रिलमध्ये तिकडे वसंत येतो असे म्हणतात. त्या वर्षी तो बर्फ घेऊन आला. सकाळी ऊन होते; दुपारी खिडकीबाहेरचे मैदान नाहीसे झाले. आर्डिसबाई बस काढायला गेल्या आणि पांढऱ्या होऊन परत आल्या. "रस्ता सोडा, मला माझ्या बसचं नाकसुद्धा दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. मग वीज गेली. जवळपासची पोरे आधीच घरी गेली होती. लांबच्या वाड्यांवरची आणि मॅमची सातही जण शाळेतच अडकली. सर डेल यांनी सगळ्यांना स्वयंपाकघराशेजारच्या जेवणाच्या खोलीत गोळा केले.

शाळेची गॅसची शेगडी काडीने पेटत होती. विजेचा कुकर मात्र गप्प झाला. त्याचे गाणेही गेले आणि दिवेही. मित्रांनो, दुसऱ्याच्या दुःखात आनंद मानू नये. मी अगदी थोडाच मानला.

मॅम वर्गात आली, कपाटावरून मला उतरवून जेवणाच्या खोलीत नेले आणि माझे पोट पोरांपुढे उपडे केले. जप्त मोबाईल एकदम परत मिळण्याची शाळेच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. नेटवर्क मात्र नव्हते. तिने मला रेती-साबणाने घासले, आपल्या पोत्यातला तांदूळ घातला, बोट टेकवले, पाणी पेरापर्यंत आणले. किती महिन्यांनी ते बोट भेटले! माझ्या बुडाखाली ज्योत लागली, आणि हळूहळू त्या खोलीत भाताचा वास पसरला. रडणारी धाकटी पोरे आधी गप्प झाली, मग भुकेली झाली. डब्यातला घेवडा, शाळेच्या फ्रीजमधली सॉसेजे आणि वर मॅमचा सिरका-लसूण. मी पुन्हापुन्हा भरलो आणि पुन्हापुन्हा रिकामा झालो. पोरे जेवली, मग मोठी माणसे. सगळ्यांत शेवटी सर डेल बसले.

त्यांचे ताट रिकामे झाले तसा मॅमने डाव उचलला. "घ्या, सर डेल, अजून."

"नको, बास झालं."

"घ्या हो."

"खरंच नको. पोरांना राहू दे."

"पोरांचं झालं. थोडासाच. खरवडीसकट."

सर डेल यांनी ताट पुढे केले. दोन घास खाल्ले आणि जरा ओशाळून म्हणाले, "मी दोनदा नाही म्हणालो होतो, मिस जी."

"मग?" मॅम म्हणाली. "पहिल्यांदा हो कोण म्हणतं? हावरट दिसतं ते."

सर डेल यांचा घास तोंडातच थांबला. मी समोरच टेबलावर होतो. त्यांच्या कपाळावरची टोपी हळूहळू मागे सरकताना मी पाहिली.

"केकलासुद्धा?" त्यांनी विचारले.

"केकला मी आता लगेच हो म्हणते. शिकले."

"आणि बाकीच्या गोष्टींना?"

मॅम माझ्या बुडाशी चमचा खरवडत होती. तिने वर पाहिले नाही. "बाकीच्या गोष्टी मला कोणी दुसऱ्यांदा विचारल्याच नाहीत, सर."

सर डेल उठले. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. पोरांना वाटले, आता प्रार्थना किंवा वाईट बातमी.

"मिस जी," ते म्हणाले, "अजून दोन वर्षं थांबाल का?"

"नको, सर. तुम्हाला उगाच कागदांचा त्रास."

"होऊ दे त्रास. थांबाल का?"

"सगळ्यांना मी हवीच असेन असं थोडंच आहे..." मॅमचा आवाज आता चमच्यापेक्षा बारीक झाला होता.

बापाने कधी न केलेली गोष्ट सर डेल लागोपाठ करत होते. "फेलिसा," ते म्हणाले, "थांब ना."

मॅमने चमचा खाली ठेवला. तिने भुवया वर केल्या.

सर डेल उत्तराची वाट पाहत उभे राहिले. मग त्यांचे खांदे उतरले. "समजलो," असे म्हणून ते टोपी डोक्यावर ठेवू लागले.

"सर," जोली मागून म्हणाली, "टोपी काढा परत. हो म्हणाल्यात त्या." आणि सातही पोरांनी, सर डेल यांना नीट दिसावे म्हणून, एकदम भुवया वर केल्या.

मॅम थांबली. मला पुन्हा मोबाईल गिळावे लागले नाहीत. कुकर आणि मी आळीपाळीने जात असू, खरवडीच्या वारी मी. पुढच्या वर्षी पोरांची बारावी झाली. मॅम पहिल्या रांगेत बसली आणि ठरल्याप्रमाणे रडली. रुमाल अपुरा पडला. शेवटी माझ्याभोवतीचा टॉवेल उपयोगी आला.

वाढवून मिळालेली दोन वर्षेही सरली. त्यापुढे आग्रहाने वाढण्यासारखे काही नव्हते. कायदा तीनदा विचारत नाही. नानायही थकली होती. आवरासावर करताना मॅमने मला पुसले आणि आर्डिसबाईंपुढे ठेवले.

"ताई, हा तुला."

"नको गं. तुझ्या आईचा टोप आहे तो," आर्डिसबाई म्हणाल्या.

"आईनंच सांगितलंय. घे."

"खरंच नको. बॅगेत जागा आहे की तुझ्या."

"ताई, घे ना."

आर्डिसबाईंनी भुवया वर केल्या. त्यांना सवय नव्हती, त्यामुळे कपाळ, कान आणि डोईवरची लोकरी टोपी असे सगळेच वर गेले. मग दोघी माझ्या दोन कानांना धरून उभ्या राहिल्या आणि कुणीच सोडेना. माझा एक कान तुटला तो तेव्हा. त्याचे मला वाईट वाटत नाही.

सुरुवातीला आर्डिसबाईंचा भात खळीसारखा होई. बिचाऱ्या रोज बोट टेकवत, रोज पेरापर्यंत पाणी घालत, आणि रोज चमच्याने भात पीत. अखेर त्यांनी इलोइलोला फोन केला. पलीकडून नानायच म्हणाली, "अगं, तुझी उंची किती, बोट केवढं! पेराच्या अलीकडेच थांब." तेव्हापासून ठीक चालले आहे.

मित्रांनो, जुन्या भांड्याला तारेच्या घासणीने ओरबाडू नका, लागलेली खरवड भिजवून काढा, आणि नवे भांडे आले म्हणून जुन्यात मोबाईल भरू नका. एवढी माझी विनंती. आणखी एक आहे, पण ती भांड्यांबद्दल नाही. कुणी नको म्हणाले, तर त्याचा मान राखून निघून जाण्याआधी जरा थांबा, आणि अजून एकदा विचारा.

यंदा शाळेत गणिताचा नवा तरुण मास्तर आला आहे, शिकागोकडचा. तो पहिल्याच आठवड्यात आमच्या दारावरून चालला होता. आर्डिसबाईंनी खिडकीतून हाक मारली, "या, जेवायला या!"

"नको, थँक्यू, आत्ताच जेवलो," तो म्हणाला.

बाईंनी दुसऱ्यांदा बोलावले. मग दार उघडून, माझे झाकण हातात घेऊन, तिसऱ्यांदा. तो आला, बसला, खरवडीसकट जेवला. त्याला खरोखरच भूक नव्हती, हे मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

पण नाताळ होऊन गेला, आणि तो अजून इथेच आहे.